फ्रीस्टाइल पोहताना दोन लॅपनंतरच (लॅप म्हणजे तलावाची एक लांबी) धाप लागते. स्टॅमिना कसा वाढवावा?

मोठेपणी पोहायला शिकलेल्यांची अडचण बहुतेक वेळा स्टॅमिन्याची नसतेच, श्वास सोडायचा राहून गेलेला असतो. तोंड पाण्यात असताना श्वास रोखला की वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही क्षणात उरकावं लागतं. कार्बन डायऑक्साइड साठतो, जीव घाबरा होतो. म्हणून चेहरा पाण्यात गेल्या गेल्या बुडबुडे सुरू करा आणि मान वळेपर्यंत थांबवू नका. वळताना गॉगलची एक काच पाण्यातच राहू द्या; डोकं उचललंत की कंबर बुडते आणि पाय मागे ओढले जातात. पायही हलकेच मारा, मांड्यांचे मोठे स्नायू भरपूर ऑक्सिजन खातात.

आठवड्यातून ३ दिवस २५ मीटरच्या ८ लॅप मारा, प्रत्येकीनंतर ३० सेकंद विश्रांती. आठवी लॅप पहिलीइतक्याच वेळात होऊ लागली की विश्रांती २० वर, मग १० वर आणा. त्यानंतरच ५० मीटरचे तुकडे. पहिली लॅप मुद्दाम सावकाश मारा, बहुतेकांचं गणित तिथेच बिघडतं. एका लॅपमध्ये किती वेळा हात मारता ते मोजत राहा: २२ चे २७ झाले तर थांबा, कारण दमलेल्या अंगाला चुकीच्याच स्ट्रोकची सवय लागते.