२०१४ साली नायजेरियातल्या लागोससारख्या अफाट शहरात इबोला हा जीवघेणा साथीचा आजार आटोक्यात कसा आला?

आधी नाव घ्यायला हवं ते डॉ. स्टेला अदादेवो यांचं. २० जुलैला लायबेरियाहून आलेला एक अधिकारी लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टर संपावर, म्हणून त्याला डॉ. अदादेवो काम करत होत्या त्या खाजगी रुग्णालयात नेलं. मलेरिया असावा असं आधी वाटलं, पण बाईंना इबोलाची शंका आली. त्याला सोडा म्हणून वरून दबाव आला, तरी त्या हटल्या नाहीत. वेगळा कक्ष नव्हता. खोलीच्या दाराला लाकडी अडसर लावून त्यांनी त्या रुग्णाला तिथेच रोखलं. १९ ऑगस्टला त्या स्वतः इबोलाने गेल्या. हे लिहितानाही गलबलून येतं.

पुढचं काम पायी फिरणाऱ्या माणसांचं. संपर्कात आलेल्या सुमारे ९०० जणांवर २१ दिवस लक्ष ठेवायचं, ताप तपासायचा, घाबरलेल्या घरच्यांशी बोलायचं. अशा जवळजवळ १८,५०० गाठीभेटी झाल्या. पोलिओ मोहिमेची तयार यंत्रणा इथे कामी आली. गावोगाव फिरून लोकांशी बोलायची तिला सवयच होती.

एकूण २० रुग्ण, त्यांतले ८ दगावले. २० ऑक्टोबरला नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला.