विमा मुलाचा आणि समुद्रावर जातात वडील

मालवणजवळच्या एका ताईंचं पत्र. मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत. कॉलेजला जायला स्कूटर हवी म्हणून घरात अबोला धरून बसलाय. लाखभराचं कर्ज काढू, की त्याच्या नावची चाइल्ड पॉलिसी मोडून 96 हजार घेऊ? यजमान 44 वर्षांचे, ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. पॉलिसी 15 वर्षांची, हप्ता वर्षाला 48 हजार, चार भरलेत. शेवटी 15 लाख मिळतील असं एजंट म्हणाला होता. मागचे दोन हप्ते बांगड्या गहाण ठेवून भरले, त्यातले 60 हजार फेडायचेत. आता तोच एजंट नऊ वर्षांच्या मुलीसाठीही तसलीच पॉलिसी घ्या म्हणतोय.

ताई, स्कूटर नको. 16व्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीच्या आतल्या, बिनगिअरच्या गाडीचं. शोरूममधल्या स्कूटर 110-125 सीसीच्या. पोरगा पकडला गेला तर 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला होऊ शकते, आणि त्याला 25व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. कुणाला धडक बसली तर विमा कंपनी भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. दोन वर्षं एसटीचा विद्यार्थी पास काढा, एक तृतीयांश भाड्यात काम होतं.

आता पॉलिसी. मुलगा 12 वर्षांचा असताना 15 वर्षांची घेतलीत. म्हणजे पैसे मिळणार तो 27 वर्षांचा झाल्यावर. फी तर 18 ते 22 मध्ये भरायची! शिक्षणासाठी म्हणून ज्याने ही तुमच्या गळ्यात मारली त्याने एवढी साधी बेरीज केली नाही, याचा मला संताप येतो. 15 लाखही विसरा. अशा पॉलिसीत पाच-साडेपाच टक्के सुटतात. एकूण 7 लाख 20 हजार भराल, त्याचे साधारण 11 लाख होतील. त्यासाठी सोनं गहाण टाकून त्याच्या दुप्पट व्याज भरायचं? हप्ता येतो तोही ऑगस्टमध्ये. जून-जुलै मासेमारी बंद, घरात आवक नाही, पुढ्यात गणपती.

याहून मोठी चूक तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या बाँडच्या फोटोत दिसली. विमा मुलाच्या जिवाचा आहे, वडील फक्त हप्ता भरणारे, आणि हप्तामाफीचा, म्हणजे ते गेले तर पुढचे हप्ते माफ, हा रकाना कोरा. यजमानांच्या नावावर दुसरा कसलाही विमा नाही, असं तुम्हीच लिहिलंय. उद्या समुद्रात त्यांचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी तुम्हाला काही देणार नाही, उलट पुढचा हप्ता मागेल.

म्हणून पॉलिसी मोडाच, पण स्कूटरसाठी नव्हे. भरलेल्यातले निम्मेच परत येतायत, मनाला लागेल. तरी आणखी 11 हप्ते, म्हणजे सव्वापाच लाख, त्यात घालू नका. 96 हजारांतून आधी बांगड्या सोडवा, उरलेले 36 हजार एफडीत. यजमानांचा 50 लाखांचा टर्म विमा काढा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. वर्षाला 15-20 हजार धरून चला. बोटीवरचं काम आणि तंबाखू फॉर्मवर लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो. तो मंजूर होईपर्यंत बँकेत प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा (अपघात) विम्याचे 20 रुपये वर्षाला भरा. मच्छीमारांच्या 5 लाखांच्या अपघात विम्यात नाव आहे का, तेही मच्छीमार सोसायटीत विचारा.

टर्म विमा भरून जुन्या हप्त्यातले वाचलेले 30 हजार दर वर्षी बाजूला टाकलेत तर एफडीतले 36 हजार धरून बारावीपर्यंत लाखभर होतात. पहिल्या वर्षाची सोय झाली. पुढे शैक्षणिक कर्ज आहे, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही.

मुलीसाठी एजंटला सरळ नाही म्हणा. ती दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात सुकन्या खातं उघडा. सध्या 8.2 टक्के व्याज आहे आणि वर्षाला 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. हंगामात पैसे आले की जास्त भरा.

मुलाला नुसतं ‘परवडत नाही’ म्हणू नका. बाँड आणि गहाणाची पावती त्याच्यासमोर ठेवा, वरचे आकडे त्यालाच मांडू द्या. 16 वर्षांच्या मुलाला घरचा हिशोब कळतो, कुणी दाखवला तर. मग ऑगस्टच्या आत मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक घेऊन पॉलिसी मोडायला विमा कंपनीच्या शाखेत जा. त्यालाही न्या. एजंटला नको.