पहिल्यांदाच ऑफिसमध्ये प्रेझेंटेशन द्यायचं आहे. स्लाइड प्रभावी कशा करायच्या आणि टेम्पलेट कोणतं घ्यावं?

टेम्पलेट पांढरं, कोरं घ्या. त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही.

वेळ शीर्षकांवर घालवा. स्लाइडच्या माथ्यावर 'विक्रीचा आढावा' असं लिहिलं असेल, तर तिथे काय म्हणायचंय ते तुमचंच अजून ठरलेलं नाही. 'माल उशिरा पोचल्यामुळे दुसऱ्या तिमाहीत विक्री घटली' असं पूर्ण वाक्य लिहा. मग खाली काय हवं ते आपसूक कळतं: विक्रीचा आलेख आणि उशीर कधी सुरू झाला ते दाखवणारी एक रेघ. उरलेलं सगळं उडवा.

शीर्षक एक सांगतंय आणि खरी गोष्ट तळाशी दडलीय, याचं फार वाईट उदाहरण आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून निखळून पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याने किती नुकसान झालं असेल याचा अंदाज इंजिनिअरांनी स्लाइडवर मांडला होता. शीर्षकाचा सूर दिलासा देणारा. चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि इथे हिशेब १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट, हे मात्र अगदी शेवटच्या उपमुद्द्यात. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. दुर्घटना स्लाइडमुळे झाली असं म्हणता येणार नाही, पण चौकशी मंडळाच्या अहवालात त्या स्लाइडची चिरफाड आहे.

स्लाइड वाचून दाखवू नका. माणूस ऐकण्यापेक्षा मनात भरभर वाचतो, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा समोरच्यांचं सगळं वाचून झालेलं असतं आणि ते मोबाइल काढतात. 'पण हीच फाइल नंतर मेल करायचीय ना' असं हमखास ऐकू येतं. त्यासाठी वेगळं टिपण करा. एकाच फाइलकडून दोन्ही कामं करून घेतली की दोन्ही अर्धवट होतात.

आलेखात रंगांची सूची कोपऱ्यात देण्यापेक्षा प्रत्येक रेषेच्या टोकालाच तिचं नाव लिहा. फक्त लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, अनेक पुरुषांना त्यांतला फरक दिसत नाही. थ्रीडी पाय चार्ट तर कधीच नको. पुढची फाक उगाच मोठी वाटते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात आणि उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरवर गायब होतात.

मजकूर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मराठी असेल तर ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर पीडीएफ जवळ ठेवाच. तिथे तुमचा फॉन्ट नसला, तर नीट बसवलेल्या ओळी भलतीकडेच तुटतात.