ख्रिस्ती सुपरनॅचरल थ्रिलर ऑडिओ ड्रामा खरंच भीतीदायक असतात का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन ऐकून पाहिले, पण सैतान बोलायला लागला की भीतीऐवजी हसू येतं, आणि शेवटी प्रवचनच ऐकावं लागतं. हे वाचलं आणि राहवलं नाही. हसू येणारच! आवाज खाली ओढून जाडाभरडा केलेला, त्यावर गुहेतला घुमारा आणि मागे ढगांचा गडगडाट. मी ऑडिओ एडिटिंग करते. याच गोष्टीवरून एका दिग्दर्शकांशी माझं जे वाजलं, ते आजवर मिटलेलं नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही जणांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर पंचवीस मिनिटांचं श्रुतिनाट्य करायला घेतलं. थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा भूतग्रस्त आणि समुद्रात बुडालेली सुमारे दोन हजार डुकरं. दिग्दर्शक वयाने मोठे, रंगमंचावर मुरलेले. त्यांना अशुद्ध आत्म्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हवा होता. मी म्हणाले, इथे शेवटची रांग नाहीच, ऐकणाऱ्याच्या कानात हेडफोन आहे.

एका रात्री मी त्याच नटाला एकटं बोलावलं. माइकपासून चार बोटांवर तोंड, खोलीभर रजया टांगलेल्या, आणि त्याला सांगितलं की शेजारी झोपलेलं मूल उठू नये अशा आवाजात बोल. ‘माझे नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत.’ बस, एवढंच वाक्य. एका दिशेचा आवाज टिपणाऱ्या माइकच्या इतक्या जवळ बोललं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, यंत्राने ओढावा लागत नाही. आणि घुमारा नसला की कानाला वाटतं, बोलणारा इथेच, खांद्यापाशी आहे. घुमारा घालून आपण स्वतःच त्याला दूर पाठवतो. रेकॉर्डिंग परत ऐकताना त्या नटाने मध्येच हेडफोन काढून ठेवला. त्याचाच आवाज होता तो.

दिग्दर्शकांनी शास्त्र पुढे केलं. ‘तो मोठ्याने ओरडला असं लिहिलंय, तू कुजबुज कुठून आणलीस?’ तेव्हा मी गप्प बसले, कारण सगळ्यांसमोर वाद घालायचा नव्हता. घरी जाऊन अध्याय पुन्हा वाचला. ओरडणं आहे ते सातव्या वचनात, येशूला पाहिल्यावर. नाव सांगतो ते नवव्यात, आणि तिथे नुसतं ‘म्हणाला’ आहे. दहाव्यात तर तो गयावया करतो, की आम्हाला या प्रांतातून घालवू नको. मग डुकरांत जाऊ दे म्हणून विनवणी. ज्याला इतकं अजिजीने मागावं लागतं, त्याच्या तोंडी गडगडाट कसा शोभेल? त्याला समोरच्याची भीती वाटते हेच तर त्या प्रसंगाचं मर्म आहे.

डुकरांच्या कळपासाठी मी ओल्या मातीच्या ट्रेमध्ये मुठी आपटल्या होत्या. तेच बारा ट्रॅक थोडे थोडे मागेपुढे सरकवून एकावर एक. मग पाणी, आणि त्यानंतर चार सेकंद काहीही नाही. त्या शांततेतून राखणदाराची धाप ऐकू यायची. अंतिम प्रतीत ते चार सेकंद गेले, तिथे सुरावट आली, तिच्यावर निवेदकाचा बोध आला. आत्म्याचा आवाज गुहेतला झाला आणि प्रभूलाही घुमारा मिळाला. प्रभूच्या आवाजाबद्दल मी इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्सचं उदाहरण दिलं होतं. तिच्या ‘द मॅन बॉर्न टू बी किंग’ या बारा भागांच्या मालिकेला बीबीसीवर डिसेंबर १९४१ मध्ये सुरुवात झाली, पण त्याआधीच गदारोळ उठला होता, कारण ख्रिस्त नटाच्या तोंडून आणि रोजच्या बोलीत बोलणार होता. तरी ती मालिका पूर्ण झाली. माझं हे म्हणणं ‘ते परदेशातलं’ म्हणून बाजूला पडलं.

तर सुरुवात. ‘द स्क्रूटेप लेटर्स’ घ्या. सी. एस. लुईसचं पुस्तक १९४२ चं आणि फोकस ऑन द फॅमिली या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेच्या रेडिओ थिएटरने केलेलं नाट्यरूप २००९ चं, अँडी सर्किस मुख्य भूमिकेत. त्यातला सैतान वरिष्ठ अधिकारी आहे, पुतण्याला पत्रांतून शिकवतो की माणसाला थोडं थोडं करून कसं बिघडवायचं. पापाची अशी दप्तरी भाषा ऐकली की स्वतःचा कालचा दिवस आठवतो. मग पॉल मॅक्कस्करच्या ‘फादर गिल्बर्ट मिस्टरीज’: स्कॉटलंड यार्ड सोडून अँग्लिकन पाळक झालेला माणूस, समोर खून आणि त्याच्या मागे काहीतरी अंधारं. देवदूत-दुरात्म्यांची उघड लढाई हवी असेल तर त्या लाटेचं मूळ फ्रँक पेरेटीच्या १९८६ च्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ या कादंबरीत आहे, तीही बघा.

प्रवचनाबद्दल तुमची तक्रार मला मान्य आहे. श्रोत्यावर भरवसा नसला की शेवटी बोध चिकटवला जातो. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत वारा, भूकंप, अग्नी येऊन गेले तरी परमेश्वर त्यांत नव्हता, नंतर मंद वाणी आली. हे शिकवणारेच दर दृश्याला वादळ का लावतात, मला कळत नाही.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक आजाराला, प्रत्येक झटक्याला दुरात्मा ठरवणाऱ्या कथा टाळा, कितीही छान बनवलेल्या असोत. कोणी औषधं चालू असलेला माणूस ते ऐकून गोळ्या बंद करू शकतो. आमच्याही नाट्यात या बाबतीत कसूर झाली, आणि त्यात दिग्दर्शकांइतकीच मीही जबाबदार आहे, कारण संहिता माझ्या हाताखालून गेली होती. लहान मुलांना हेडफोनवर हे ऐकवू नका.

माझी चार सेकंदांची प्रत अजून जपून ठेवली आहे. दिग्दर्शकांनी ती कधी शेवटपर्यंत ऐकली नाही.