मी बनवलेलं अँड्रॉइड ॲप प्ले स्टोअरवर विकायचं आहे. काय काय करावं लागतं आणि हातात किती पैसे पडतात?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की ॲप दहावीच्या सराव प्रश्नांचं आहे, कोड जवळजवळ तयार आहे, एकट्यानेच केलंय आणि 199 रुपये किंमत मनात आहे. तेच धरून सांगतो.

आधी पैशाचं बोलू, कारण किंमत ठरवताना बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. भारतात ग्राहकाला दिसणारी किंमत करासहित असते. 199 मध्ये 18 टक्के जीएसटी धरला तर मूळ किंमत 168 रुपये 64 पैसे. त्यावर गूगलचं 15 टक्के शुल्क, म्हणजे सुमारे 25 रुपये 30 पैसे. उरतात साधारण 143 रुपये. टीडीएस-टीसीएसची, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरल्या जाणाऱ्या कराची, किरकोळ वजावट होते, ती विवरणपत्र भरताना मिळवून घेता येते. हा 15 टक्क्यांचा दर 1 जुलै 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर उत्पन्नावर मिळतो, त्यापुढे 30 टक्के. पण एकरकमी खरेदीसाठी तो आपोआप लागू होत नाही. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप टाकण्यासाठीच्या गूगलच्या संकेतस्थळावर, अकाउंट ग्रुप (तुमच्या खात्यांचा गट) बनवून अटी मान्य कराव्या लागतात. ते राहून गेलं की पहिल्या विक्रीपासून 30 टक्के कापले जातात. जीएसटी नोंदणी तुम्हाला लागते की नाही हे मात्र पहिली विक्री होण्याआधी सीएला विचारून घ्या.

आता तीन गोष्टी अशा, ज्या एकदा ठरल्या की बदलत नाहीत किंवा बदलणं फार महागात पडतं.

पहिली, पॅकेज नेम, म्हणजे स्टोअर ॲपला ज्याने ओळखतं ते तांत्रिक नाव. एकदा अपलोड झालं की ते कायमचं. 'कॉम डॉट एक्झाम्पल' असलं काही ठेवून काम सुरू केलं असेल तर आजच बदला. दुसरी, ॲप मोफत की विकत. विकतचं ॲप नंतर मोफत करता येतं, पण एकदा मोफत म्हणून प्रसिद्ध झालेलं ॲप विकतचं करता येत नाही, त्यासाठी नव्या पॅकेज नेमने नवं ॲप टाकावं लागतं आणि जुने डाउनलोड, जुने अभिप्राय सगळे मागे राहतात. माझं स्पष्ट मत: ॲप मोफत ठेवा आणि पूर्ण प्रश्नसंच आतल्या खरेदीने उघडा. ॲप वापरणार मुलगा आणि पैसे देणार आई-वडील. न पाहिलेल्या ॲपला 199 रुपये कोणी देत नाही, पण मुलाने एक धडा सोडवलेला दिसला की देतात. त्यामुळे एक अख्खा धडा, उत्तरांच्या स्पष्टीकरणासकट, मोकळा ठेवा. पाच प्रश्न दाखवून कुलूप लावलं तर कुणालाच अंदाज येत नाही.

तिसरी गोष्ट खात्याचा प्रकार. नोंदणीचे 25 डॉलर एकदाच भरायचे असतात. (ॲपलकडे दरवर्षी 99 डॉलर. अँड्रॉइडवर विक्री दिसेपर्यंत तिकडे जाऊ नका.) वैयक्तिक खात्यातून विक्री सुरू केली की तुमचं कायदेशीर नाव आणि पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता उघड करायचा नसेल तर संस्थेचं खातं काढावं लागतं. त्याला डी-यू-एन-एस क्रमांक (व्यवसायाला मिळणारा ओळख क्रमांक) लागतो आणि तो मिळवण्यात वेळ जातो. उलट वैयक्तिक खात्याला टेस्टरांची अट आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, घ्यावी लागते. सुरुवातीला 20 टेस्टर लागायचे, डिसेंबर 2024 पासून 12 पुरतात, पण ते सलग 14 दिवस टेस्टमध्ये राहिले पाहिजेत.

या 14 दिवसांत लोक अडकतात ते असे. तुम्ही यादीत ईमेल टाकला म्हणजे टेस्टर झाला असं नाही. त्याने दुवा उघडून होकार द्यायला हवा, तोही फोनवर प्ले स्टोअरला ज्या जीमेलने लॉगिन आहे त्याच खात्यातून. घरातल्या फोनवर दोन-तीन जीमेल असतात आणि नेमका चुकीचा पत्ता तुमच्याकडे आलेला असतो. कुणी मध्येच टेस्ट सोडली आणि आकडा 12 च्या खाली गेला तर सलगपणा तुटतो. म्हणून 18 ते 20 जण घ्या. शिवाय शेवटी ॲप खुलं करण्याचा अर्ज करताना टेस्टरांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं, हे विचारतात. नुसतं इन्स्टॉल करून कुणी उघडलंच नसेल तर अर्ज परत येऊ शकतो. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ओळखीच्या क्लासमधली दहावीची मुलं आणि त्यांचे शिक्षक मिळाले तर त्यांच्याइतका उपयोगी अभिप्राय दुसरा नाही.

अपलोड एएबी (अँड्रॉइड ॲप बंडल) स्वरूपात करायचं असतं. ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲपसाठी एपीके, म्हणजे थेट फोनवर टाकता येणारी फाइल, चालत नाही. टार्गेट एपीआयची, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय त्याची, किमान पातळी दर ऑगस्टअखेर वर सरकते. 31 ऑगस्ट 2025 पासून नव्या ॲपला आणि अपडेटला 35, म्हणजे अँड्रॉइड 15. याचा अर्थ एकही नवं फीचर दिलं नाही तरी वर्षातून काही दिवस देखभालीला द्यावेच लागतात. किंमत ठरवताना ते दिवस मोजा.

रिलीज बिल्डची, म्हणजे ग्राहकाला मिळणाऱ्या ॲपची, चाचणी वेगळी करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. अँड्रॉइड स्टुडिओतून थेट फोनवर चालवता ते डीबग बिल्ड. रिलीजमध्ये आर-8 (कोड आटोपशीर करणारं साधन) चालू असेल तर क्लास आणि फील्डची नावं बदलली जातात. जेसन फाइलमधून प्रश्न वाचताना फील्डच्या नावावर भिस्त असेल तर तुमच्या फोनवर सगळं ठीक आणि ग्राहकाच्या फोनवर प्रश्नांची जागा रिकामी. त्या क्लासना कीप नियम (नावं बदलू नका असं सांगणारे) लावा आणि इंटर्नल टेस्टिंगमधून (100 जणांपर्यंत) स्टोअरवरूनच ॲप उतरवून पाहा. मराठी मजकुरासाठी एक गोष्ट लगेच तपासा: टेक्स्टव्ह्यूमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत) फॉन्ट पॅडिंग, म्हणजे अक्षरांच्या वर-खाली सोडलेली जागा, बंद केलं असेल तर वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात. 'गुणधर्मांची' हा शब्द मोठ्या अक्षरात टाकून बघा, लगेच कळेल.

आता खरेदीचा कोड. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे यूपीआयने पैसे देणारे पुष्कळ. ग्राहक तुमच्या ॲपमध्ये बटण दाबतो, पैसे मंजूर करायला यूपीआय ॲपमध्ये जातो. फोनची रॅम कमी असेल तर तेवढ्यात सिस्टीम तुमचं ॲप बंद करते. पैसे कापले गेले, पण खरेदी झाल्याचा निरोप घ्यायला तुमचं ॲप जागं नव्हतं. तो परत येतो तर कुलूप तसंच. तिथल्या तिथे स्टोअरवर एका ताऱ्याचा अभिप्राय. पुढे आणखी वाईट: खरेदी झाल्यापासून तीन दिवसांत ॲपने ती पोहोच म्हणून कळवली नाही, म्हणजे अ‍ॅक्नॉलेज केली नाही, तर गूगल पैसे आपोआप परत करतं. विक्रीही गेली आणि ग्राहकही.

यावर उपाय असा की खरेदीच्या कॉलबॅकवर, म्हणजे खरेदी झाल्याच्या त्या निरोपावर, विसंबू नका. ॲप दर वेळी पुढे आलं की, ऑन-रिझ्यूममध्ये, गूगलकडून सध्याच्या खरेद्यांची यादी मागवा. स्थिती 'पेंडिंग' असेल तर काही उघडू नका, फक्त "पैसे मंजूर होण्याची वाट पाहत आहोत" असं स्पष्ट लिहा. स्थिती 'पर्चेस्ड' असेल तर आधी कुलूप उघडा, मग लगेच अ‍ॅक्नॉलेज करा आणि ते अयशस्वी झालं तर पुढच्या वेळी पुन्हा करा. 'खरेदी पुन्हा तपासा' असं एक बटण सेटिंगमध्ये ठेवा. फोन बदललेल्या पालकांना तेच लागतं. लायसन्स टेस्टर (कन्सोलमध्ये चाचणीसाठी नोंदवलेल्या) खात्याने या सगळ्या वाटा तपासता येतात, पैसे जात नाहीत. हळू मंजूर होणारं चाचणीचं कार्डही तिथे मिळतं, ते मुद्दाम वापरा.

सदस्यत्व, म्हणजे महिन्याला अमुक रुपये, याचा मोह तुमच्या ॲपला नको. विद्यार्थी मार्चमध्ये परीक्षा देऊन निघून जाणार. शिवाय 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीच्या, नियमांनुसार पैसे कापण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. ग्राहकासाठी ते योग्यच आहे, पण नूतनीकरण फसलं, मँडेट रद्द झालं, मुदत वाढवली, हे सगळं सांभाळायला सर्व्हर आणि कोड लागतो. एकट्या माणसाने एकरकमी खरेदी ठेवावी.

मुलांची माहिती शक्यतो घेऊच नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 नुसार 18 वर्षांखालचे सगळे बालक ठरतात आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. लॉगिन नसेल, गुण फोनमध्येच साठत असतील, तर हा सगळा भार उतरतो, डेटा सेफ्टीचा फॉर्म (ॲप कोणती माहिती घेतं ते स्टोअरला सांगणारा) सोपा होतो आणि खातं पुसण्याची सोय देण्याची अटही लागत नाही. गोपनीयता धोरणाचं पान तरीही लागतंच. जाहिरातींची किंवा क्रॅश मोजणारी लायब्ररी घातली असेल तर ती काय गोळा करते ते फॉर्ममध्ये तुम्हालाच लिहायचं असतं, हे विसरलं जातं.

प्रश्न स्वतः तयार केलेले हवेत. बालभारतीच्या पुस्तकातले उतारे, आकृत्या, स्वाध्याय जसेच्या तसे उचलले तर तक्रार येऊन ॲप काढलं जाऊ शकतं. मंडळाचं बोधचिन्ह आयकॉनवर नको, आणि ॲप अधिकृत नाही हे वर्णनात सरळ लिहा.

स्टोअरवरच्या नावाला 30 अक्षरांची मर्यादा आहे, छोट्या वर्णनाला 80. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'मराठी व्याकरण सराव' वाचताना दहा अक्षरं वाटतात, मोजणीत 18 होतात. म्हणून नावात 'दहावी' आणि विषय आधी, बाकीचं नंतर. मराठीतली नोंद वेगळी भरता येते, ती भराच. स्टोअरवरच्या पडद्याच्या चित्रांत (स्क्रीनशॉटमध्ये) ॲपचं मुखपृष्ठ दाखवू नका, एक खरा प्रश्न आणि त्याचं स्पष्टीकरण दाखवा.

अपडेट नेहमी टप्प्याटप्प्याने: आधी 5 टक्के, दोन दिवस थांबा, मग 20, मग सर्वांना. जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. चूक निघाली तर वितरण थांबवायचं आणि आधीपेक्षा मोठा व्हर्जन कोड (आवृत्तीचा क्रमांक) देऊन नवीन बिल्ड टाकायचं. अँड्रॉइड व्हायटल्समध्ये (कन्सोलमधल्या ॲपच्या तब्येतीच्या अहवालात) क्रॅशचं प्रमाण 1.09 टक्क्यांवर किंवा एएनआर, म्हणजे ॲप गोठून प्रतिसाद न देण्याचं प्रमाण, 0.47 टक्क्यांवर गेलं तर स्टोअर ॲपला मागे ढकलतं, म्हणून हे दोन आकडे दर आठवड्याला पाहा.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाप्रमाणे लावा. जुलैत टेस्टर गोळा करा, ऑगस्टमध्ये टार्गेट एपीआय आणि क्लोज्ड टेस्ट, सप्टेंबरमध्ये अर्ज. नव्या खात्याच्या तपासणीला आठवडाभर किंवा जास्तही लागू शकतो, तेवढी सवड ठेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी ॲप स्टोअरवर आलेलं असावं, कारण सराव खरा तिथून सुरू होतो. जानेवारीच्या मध्यानंतर फक्त चुकलेली उत्तरं दुरुस्त करणारी अपडेट द्या, खरेदीच्या कोडला परीक्षा संपेपर्यंत हात लावू नका.