'विदाऊट इश्यू' म्हणजे निःसंतान. बेवारस नाही आणि निपुत्रिकही नाही

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या जुन्या इंग्रजी वाटणीपत्रात आजोबांच्या भावाबद्दल 'डाइड विदाऊट इश्यू' लिहिलंय, भाषांतरात त्याचं 'कोणत्याही समस्येशिवाय मृत्यू पावले' झालंय, आणि आता आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या प्रॉपर्टी कार्डावर, नावं चढवताना 'यांचे वारस कुठे आहेत?' असं विचारताहेत. आमच्याकडे अगदी हेच झालं. आमच्या भाषांतरात 'कोणताही वाद न करता' असं होतं, एवढाच फरक.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण या एका शब्दापायी बरंच भोगलंय.

तुम्ही इश्यूचे सगळे अर्थ आणि समानार्थी शब्द विचारलेत. हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'बाहेर पडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ते धरून ठेवलं की बाकीचे अर्थ आपोआप लागतात. पोटातून बाहेर आलं ते मूल, छापखान्यातून बाहेर आला तो मासिकाचा अंक, कार्यालयातून बाहेर पडलं ते जारी झालेलं प्रमाणपत्र. आपल्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत नोटांचं काम बघणारा इश्यू विभाग आहे, तिथे अर्थ निर्गमनाचा. दिवाणी दाव्यात न्यायाधीश इश्यू काढतात ते वादमुद्दे. आणि 'मला जरा इश्यू आहे' मधला अडचणीचा अर्थ यातला बराच नवा. भाषांतर करणाऱ्याला रोजच्या बोलण्यातला तोच अर्थ आधी सुचतो, तिथेच घोळ होतो. जुन्या दस्तात हा अर्थ बहुधा नसतोच.

तुमच्या कागदापुरते इंग्रजी समानार्थी शब्द म्हणजे ऑफस्प्रिंग, प्रोजेनी, डिसेंडंट्स. 'चिल्ड्रन' तंतोतंत तोच नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात, कलम ९९ मध्ये, चिल्ड्रन म्हणजे फक्त पहिल्या पिढीची मुलं आणि इश्यू म्हणजे थेट वंशातले सगळे, असा फरक केलाय. ते कलम मृत्युपत्रांतल्या शब्दांबद्दल आहे. तुमच्या वाटणीपत्राला त्याचा आधार घेता येईल का, ते वकिलांनाच विचारा.

आता आमचा वेळ कशात गेला ते सांगतो. चूक भाषांतरकाराची होती, पण ती दोन दिवसांत निस्तरली असती. खरा त्रास दिला तो एका कार्यालयाने. मूळ दस्ताची प्रमाणित नक्कल त्याच फायलीत, भाषांतराच्या बरोबर खाली टाचलेली होती. टेबलावरच्या बाबूंनी मराठी ओळीखाली लाल रेघ मारली आणि 'वारसांचा तपशील आणा' असा शेरा लिहिला. मी पान उलटून इंग्रजी ओळ दाखवली, तर म्हणाले, आम्ही मराठीच बघतो. बरं, नवीन भाषांतर देतो म्हटलं, तर आधीचं रेकॉर्डवर आलंय, ते बदलता येत नाही. मग लेखी तसं द्या म्हटलं, तर तेही नाही. जे वारस जन्मालाच आले नाहीत त्यांचे मृत्युदाखले माणसाने कुठून आणायचे हो? माझी आई त्या फायलीची वाट बघत आजारी पडली. आजही त्या इमारतीसमोरून जाताना जीव तळमळतो.

असो. तुम्ही हे करा. तोंडी काही बोलू नका. नवीन भाषांतरासोबत अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या, आणि 'मूळ दस्तातील अमुक ओळीचे आधीचे भाषांतर चुकीचे आहे' असं अर्जातच स्पष्ट लिहा. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. आमचं काम लेखी अर्जानंतरच हललं.

आणि नव्या भाषांतरात शब्द जपून घाला. दुसऱ्या एका ओळखीच्याने आम्हाला 'बेवारस' सुचवलं होतं. ते कदापि नको! मूलबाळ नसलं तरी बायको असू शकते, भाऊ असू शकतो, ते वारसच. उलट वारसच नसतील तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालमत्ता सरकारजमा होते. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने घर सरकारच्या नावे लिहून द्याल. 'निपुत्रिक'ही नको. त्याचा शब्दशः अर्थ मुलगा नाही असा, मुलगी असू शकते, आणि मुलीचा हक्क असा एका शब्दात पुसणं मला अजिबात पटत नाही. सरळ 'निःसंतान' किंवा 'विनापत्य' लिहा. लग्नाच्या जाहिरातींत 'इश्यूलेस'साठी 'विनापत्य' असतंच, कोणी अडणार नाही. जुन्या मध्यप्रांताच्या काळातले हिंदी कागद निघाले आणि त्यात 'लावल्द फौत' दिसलं, तर तेही हेच: मूलबाळ न होता वारले.

एक राहिलं. आजोबांचे भाऊ कधी वारले, ते नक्की करा. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याआधीचा मृत्यू असेल आणि पत्नी मागे राहिली असेल, तर तिचा हिस्सा ठरवताना १९३७ चा विधवांच्या हक्कांचा कायदा बघावा लागतो, आणि तिथे मात्र चांगला दिवाणी वकील गाठाच. मृत्यूची नोंद घरी नसेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जुन्या रजिस्टरचा शोध घ्यायला अर्ज करा. अंदाजे साल आणि मोहल्ला दोन्ही लिहा, नाहीतर 'नोंद आढळत नाही' असं उत्तर हातात पडतं.