टाकी भरलेली असेल तर पुढचा पाऊस जाणार कुठे?

तुम्ही विचारलंय की गच्ची 200 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस साधारण 700 मिमी, पण हल्ली तो मोजक्या दणक्यांतच पडून मोकळा होतो. अशात दहा घरांनी मिळून 5,000 लिटरची टाकी बसवण्यात काही अर्थ आहे का. अर्थ आहे, पण तुम्ही वर्षाचा हिशोब मांडताय. सुरुवातीला मीही तोच मांडला होता.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पंधरा टक्के भिजण्या-उडण्यात गेलं असं धरलं तरी वर्षाला 1,19,000 लिटर होतात. आकडा बघूनच माणूस हरखतो. आता एकच तास घ्या. तासात 50 मिमी कोसळला तर गच्चीवरून 8,500 लिटर उतरतं आणि तुमची टाकी 35 मिनिटांत काठोकाठ भरते. पुढचं सगळं रस्त्यावर, जिथे गटारं आधीच तुंबलेली असतात. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणजे हे दणके आणखी जोरदार होत जाणार.

म्हणून टाकी भरली की ती ‘उन्हाळ्यासाठी’ जपून ठेवायची सवय मोडा. दहा घरांच्या फ्लशला 5,000 लिटर चार-पाच दिवस पुरेल, बस. पहिल्या सरीपासूनच ते फ्लश, लादी आणि झाडांना वापरायला काढा. बारा वेळा भरून बारा वेळा रिकामी केलीत तर हीच टाकी 60,000 लिटरची झाली. तोक्योतलं 1985 सालचं र्‍योगोकु कोकुगिकान हे सुमो कुस्त्यांचं सभागृह बघा. छप्पर सुमारे 8,400 चौरस मीटर, तळघरात 10 लाख लिटरची टाकी. भागाकार केला तर तीही छपरावरच्या जेमतेम 120 मिमी पावसाएवढीच. पण ते पाणी स्वच्छतागृहांत सतत खर्ची पडतं.

मोठा पाऊस येणार असं कळलं तर आदल्या दिवशी टाकी रिकामी करा. हे लोकांच्या जिवावर येतं, जमवलेलं पाणी सोडायचं म्हणजे काय! पण ते शोषखड्ड्यात सोडता येतं.

आता पाइप. पाऊस दुप्पट जोराचा झाला की तोच पाइप निम्म्याच गच्चीला पुरतो, तेव्हा उतरते पाइप वाढवा. आणि पाइपच्या तोंडावर बारीक कापड बांधू नका. मी शहाणपणा करून बांधलं होतं. सुकी पानं, कबुतरांची पिसं आणि धूळ मिळून त्यावर नमद्यासारखा थर बसला. मग रात्री असा पाऊस झाला की गच्चीवर घोटाभर पाणी साचलं आणि जिन्याच्या दाराच्या उंबऱ्यावरून आत आलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते अजून विसरू दिलेलं नाही. तोंडाशी घुमटासारखी उंच, मोठ्या भोकांची जाळी, आणि बारीक गाळणी खाली, हाताला येईल अशा जागी.

पहिलं घाण पाणी वेगळं काढणारा उभा पाइप असतो, तो 200 ते 400 लिटरचा ठेवा, म्हणजे गच्चीवरचा पहिला एक-दोन मिलिमीटर. त्याच्या तळाचं ठिबकायचं भोक गाळाने बुजतं आणि मग तो रिकामाच होत नाही. पावसात कधी पंधरा-पंधरा दिवसांचा खंड पडतो आणि गच्ची पुन्हा मळते. तेव्हा खंडानंतर दर वेळी ते भोक तारेने मोकळं करा. टाकीच्या हवेच्या नळीला डासांची जाळीही हवीच.

प्यायला हे पाणी नको. गच्चीवरच्या विष्ठेतले जंतू नुसत्या गाळणीने जात नाहीत.

राहिला ओव्हरफ्लो. तो थेट बोअरमध्ये सोडा असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, न गाळलेलं पाणी एकदा खाली गेलं की भूजल बिघडलं. शोषखड्डा करा, इमारतीच्या पायापासून चांगला लांब. त्याआधी हातभर खोल खड्डा खणा, भरून एकदा जिरू द्या, मग पुन्हा भरून घड्याळ लावा. तासात पाणी चार बोटं उतरलं तर जागा चांगली. सकाळचं पाणी संध्याकाळी तसंच दिसलं तर खाली चिकण माती आहे, तिथे पैसे पुरू नका. टाकीच मोठी घ्या. ही परीक्षा भर पावसाळ्यात एकदा पुन्हा करा, कारण भूजल वर आलं की चांगली जमीनही पाणी घेत नाही.

खड्ड्याचं काय झालं ते इथे कळवा, मग टाकीचं माप ठरवू.